टेम्प साफ करायला गेलो आणि 64,159 रुपये घालवून बसलो

नाव सांगत नाही. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये सतरा वर्षं हिशेब बघतोय, एवढं पुरे. बी.कॉम. आहे. ओटीपी कुणाला सांगू नये हे मलाही ठाऊक होतं.

20 जानेवारी. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, फाटकावर तुरीच्या गाड्या उभ्या, आणि सर्व्हरवर टॅली उघडेना. सी ड्राइव्ह लाल, जागा उरली 212 एमबी. सॉफ्टवेअर बसवणारे बरेच सेटअप आपला कचरा टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये मागे टाकून जातात, आणि तो आमच्याकडे कधी कुणी काढलेलाच नव्हता. कॉम्प्युटर बघणारा नेहमीचा मुलगा लग्नाला शिरपूरला गेलेला. मग गूगलवर कॉम्प्युटर दुरुस्तीचा सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवला. वरचा नंबर बऱ्याचदा जाहिरातीचा असतो, भो. पैसे टाकून कुणीही वर बसतो.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. लांबून आपलं मशीन चालवू देणारं रिमोटचं ॲप, फोनवरच्या माणसाचं गोड बोलणं, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, लाल खुणा. त्या खुणा चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही असतात, हे मला नंतर कळलं.

पण खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याने टेम्प फोल्डर उघडलं, हजारो फायली दाखवल्या आणि म्हणाला, "सर, ये सब हॅकर का माल है." त्यातल्या एका फोल्डरवर आमच्याच प्रिंटरचं नाव होतं. तारीख धनत्रयोदशीची. त्या दिवशी पूजेच्या आधी तो प्रिंटर मीच बसवला होता! मी ते नाव वाचलं. तारीखही वाचली. आणि गप्प बसलो, कारण घड्याळात पावणेबारा झाले होते आणि सेठ दर दहा मिनिटांनी केबिनमधून डोकावत होते. तिथे "हे तर आमचंच आहे" एवढं म्हणालो असतो तर फोन तिथेच कट झाला असता.

सफाईचे 2,360, जीएसटीसह. मग 'तीन वर्षांचं पॅकेज' 11,800. बिल सेठकडून घेऊ म्हणून दोन्ही वेळा माझ्याच फोनवरून भरले. मग "व्हेरिफिकेशन"साठी तेच ॲप मोबाईलवर. ओटीपी मी सांगितला नाही हो, त्याने तो माझ्या स्क्रीनवर वाचला. सर्व्हरचा पडदा काळा झाला, "सफाई चालू आहे" म्हणे, तेवढ्यात माझ्या खात्यातून 49,999 गेले. पडदा काळा झाला की बोलत बसू नका, इंटरनेटची वायर उपटा.

वर साफसफाई म्हणून त्याने विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर उडवलं. ते टेम्प नव्हे. बसवलेली सॉफ्टवेअरं अपडेट करायला, काढायला त्यातल्याच फायली लागतात. आता कशालाही हात लावला की मूळ फाइल मागतो.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन करायला हवा होता. मी केला चार तासांनी, आधी लाज वाटली म्हणून. ठाण्यात गेलो तर "हे आमच्याकडे नाही, सायबरकडे जा." सायबरवाले म्हणाले, "आधी बँकेचं पत्र आणा." बँकेत साहेब जेवायला. आले तर म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला ना, मग चूक तुमची." परत ठाण्यात, तर सकाळचे हवालदार नाहीत, कागद पुन्हा पहिल्यापासून. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. 1 जुलै 2024 पासून ते कायद्यात लिहिलेलं आहे. मी हे बोललो तर, "वकील आहे का तू?" सहा चकरा, झेरॉक्सचे 140 रुपये वेगळे. पोच मात्र लेखी घ्याच, तोंडी "बघतो" घेऊन उठू नका.

सेठनी बिल मानलं नाही. आमचा हमाल म्हणाला, "भाऊ, तुम्ही इतले शिकेल, तरी बी?" त्याला काय सांगू?

शिरपूरहून आलेल्या पोराने विंडोजमधल्याच डिस्क क्लीनअपने आणि टेम्प रिकामं करून वीस मिनिटांत 31 जीबी मोकळे केले. घेतले 500. त्यालाही आधी बॅकअप घे म्हणालो, एवढं तरी शिकलो.

परवा पुन्हा फोन आला. "सर, आपका पैसा रिकव्हर हो गया, सिर्फ 1,500 फी." मी लगेच ठेवला नाही. दोन मिनिटं ऐकत होतो.