सहा बाटल्यांचं रेड वाइन किट: मुंबईच्या घरात कितपत जमतं?

घरी रेड वाइन करायची किटं मुख्यतः दोन मापांत येतात: २३ लिटर, म्हणजे तीस बाटल्या, आणि साडेचार लिटर, म्हणजे सहा. वन बीएचकेत पहिल्याच खेपेला तीस बाटल्यांच्या नादी लागू नये. भरलेली बादली पंचवीस किलोच्या आसपास जाते. ती ओट्यावर चढवणं अवघड आणि गार ठेवणं त्याहून अवघड. म्हणून हे परीक्षण छोट्या किटचं. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य तयार करायला परवाना लागतो. खरेदीपूर्वी उत्पादन शुल्क विभागात चौकशी करा.

खोक्यात द्राक्षरसाचा घट्ट अर्क, यीस्टची पुडी, बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी माती), ओक लाकडाचे तुकडे, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जिवाणू रोखणारी पूड), सॉर्बेट (यीस्टची वाढ थांबवणारी पूड) आणि वाइन नितळ करणारी दोन द्रावणं असतात. त्यांतलं कायटोसन खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढतात. शाकाहारी घरात ते बाजूला ठेवा आणि महिनाभर जास्त थांबा, वाइन आपोआप निवळते. अर्क कमी असलेल्या स्वस्त किटमध्ये साखर वरून घालावी लागते. हिशोब सोपा आहे: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे १ टक्का अल्कोहोल. साखरेवर उभी राहिलेली वाइन पातळ लागते, रेड म्हणवून घेण्याइतका तुरटपणा तिच्यात येत नाही. पैसे थोडे जास्त गेले तरी द्राक्षाच्या सालींची पिशवी असलेलंच किट घ्यावं. रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, मुख्यतः सालीतून उतरतो.

किटमधला माल चांगला असतो. फसवते ती सोबतची पुस्तिका, कारण ती थंड देशातल्या घरासाठी लिहिलेली असते. तिच्यात २२ ते २४ अंश तापमान धरलेलं असतं आणि बादलीला ऊब कशी द्यायची ते सांगितलेलं असतं. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा २७ च्या खाली फारसा उतरत नाही, आणि आंबताना रस स्वतःही तापतो, खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर जातो. ईसी-१११८ सारखं दणकट यीस्टसुद्धा ३० अंशांपर्यंतच नीट काम करतं. त्यापुढे ते दमतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. ती नंतर कशानेही निघत नाहीत. बादलीला ओला टॉवेल गुंडाळायचा उपाय नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चालेल; इथल्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गारवा कुठून येणार? बादली पाण्याच्या टबात ठेवा आणि त्यात सकाळ-संध्याकाळ बर्फ गोठवलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या सोडा. त्याहून उत्तम म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच सुरुवात करणं.

नळाचं पाणी उकळून, गार करून वापरा, क्लोरीन राहिलं तर औषधासारखा वास लागतो. बादली किमान सात लिटरची हवी. दुसऱ्या दिवशी जांभळा फेस बराच वर चढतो, लहान भांड्यात तो एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या नळीत) शिरून नळी तुंबवतो आणि झाकण उडतं. सुरुवातीला हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर दाखवणारी काचेची तरंगती दांडी) १.०८५ च्या आसपास दिसायला हवा. तो रसात सोडल्यावर हलकी गिरकी द्या, दांडीला चिकटलेले बुडबुडे सुटले की मगच आकडा वाचा. मीटर २० अंशांवर जुळवलेला असेल आणि रस ३० अंशांवर असेल, तर वाचनात ०.००२ ते ०.००३ मिळवायचे. १.०१० च्या आसपास वाइन गाळावरून नळीने काचेच्या भांड्यात उतरवा, काठोकाठ भरा. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही; आकडा ०.९९५ च्या जवळ येऊन सलग तीन दिवस स्थिर राहिला पाहिजे. १.०८५ वरून तिथपर्यंत आलेली वाइन साधारण पावणेबारा टक्क्यांची होते.

वाइन गढूळ राहिल्याची तक्रार बहुतेक वेळा वायू न काढल्यामुळे येते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड गाळाला खाली बसू देत नाही. लांब दांड्याने दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, हवा आत न घुसळता ढवळा. छोट्या बाटलीत घोटभर वाइन घेऊन, तोंडावर अंगठा दाबून हलवा; अंगठा काढल्यावर फुस्स आवाज आला, तर अजून वायू बाकी आहे. वायू निघाला की मग मेटाबायसल्फाइट साधारण ०.४ ग्रॅम घाला. ते न घालता नुसतं सॉर्बेट टाकू नका, जिवाणू त्यावर काम करून जिरेनियमच्या पानांचा वास आणतात.

चिलटं हा इथला दुसरा शत्रू. ती पायांवरून व्हिनेगर करणारे जिवाणू आणतात, म्हणून एअरलॉकमधलं पाणी आटलंय का ते रोज बघा.

पावसाळ्यात बुचांवर बुरशी धरते, त्यामुळे स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्या बऱ्या. पुस्तिकेतल्या सहा आठवड्यांत वाइन पिण्याजोगी होते, पण कच्ची लागते. तिला सहा महिने द्या, आणि ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. माळ्यावर ठेवलेली वाइन मे संपेपर्यंत शिजलेल्या मनुक्यासारखी लागू लागते.