स्टिकरचा गोंद काढतो म्हणून दुकानदाराने बाइकच्या टाकीचं लॅकर खाल्लं, वर कोटिंगचे पैसेही घेतले. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी वाचा

ज्यांच्या गाडीच्या टाकीवर जुनं रेडियम किंवा स्टिकर आहे आणि ते काढायचा विचार चाललाय त्यांनी दुकानात जायच्या आधी हे वाचा, कारण माझे एकतीसशे रुपये गेले ते गेलेच पण कंपनीचा ओरिजिनल रंग गेला, तो आता कितीही पैसे टाकले तरी परत येणार नाही.

पुण्यात मी सेकंडहँड काळी होंडा युनिकॉर्न बाइक घेतली. इंजिन एकदम टकाटक, एक डेंट नाही, फक्त टाकीच्या दोन्ही बाजूंना आणि साइड पॅनलवर आधीच्या मालकाने भलंमोठं रेडियम लावलेलं. वरचं प्लास्टिक उन्हाने पापुद्रे सुटून गेलेलं, खाली नुसता पिवळा गोंद आणि त्यावर धूळ बसून काळा थर. शाम्पूने धुवून काही होत नाही, हा गोंद पाण्याला दादच देत नाही.

जवळच एक अॅक्सेसरीज आणि रेडियमचं दुकान आहे, बोर्डावर मोठ्या अक्षरात डिटेलिंग वगैरे लिहिलंय. त्याने एक स्प्रेची बाटली दाखवली, लेबल परदेशी, म्हणाला दादा जर्मन केमिकल आहे, फक्त गोंद विरघळतो, रंगाला हात लावत नाही, सहाशे होतील. बाटली उघडली आणि वास आला तो सरळ थिनरचा, घरात फर्निचरला पॉलिश करताना सुटतो तोच. मी विचारलं भाऊ हे थिनर आहे का, तर म्हणे नाही ओ दादा, इम्पोर्टेडला असाच वास असतो. आणि बोलता बोलता फडकं चिंब करून टाकीवर दाबून ठेवलंसुद्धा, मग भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घेऊन घासायला लागला. गोंद गेला, खरंच गेला, टाकी ओली ओली चमकत होती, ऑनलाइन पेमेंट झालं आणि गाडी सावलीतून उन्हात काढली.

उन्हात वाळली तसा बरोबर स्टिकरच्या आकाराचा पांढरट धूसर पट्टा दिसायला लागला. यावर त्याचं उत्तर तयार होतं, "दादा, स्टिकरखालचा रंग असाच मरतो, कंपनीचाच पेंट हलका."

हे धादांत खोटं आहे आणि हेच सगळ्यांनी नीट समजून घ्या. स्टिकरखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथला रंग उलट ताजा आणि गडद राहतो, फिका पडतो तो आजूबाजूचा. त्यामुळे गोंद नीट काढल्यावरसुद्धा स्टिकरची पुसट सावली राहू शकते, ती नैसर्गिक आहे, पण ती गडद आणि गुळगुळीत असते. स्टिकरच्या जागी पांढरट, हाताला खरखरीत लागत असेल तर रंग मेलेला नाही, केमिकलने मारलेला आहे.

मग त्याने त्याच दुखण्यावर औषध विकलं, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसवायचा संरक्षक थर, अडीच हजार. मी ते घेतलं कारण टाकी तशी बघवत नव्हती. त्याने एका बाटलीतून काहीतरी फवारलं, पुसलं, वर पाणी मारून थेंब कसे घरंगळतात ते दाखवलं, म्हणाला आता लगेच पाऊस लागला तरी टेन्शन नाही. दोन-चार वेळा गाडी धुतल्यावर पट्टा होता तसा परत.

नंतर ओळखीच्या एका जुन्या पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी काही न बोलता पांढऱ्या कापडावर थोडं कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट, घेऊन आधी टाकीच्या चांगल्या भागावर घासलं, कापडाला फक्त मळ लागला. मग त्या पट्ट्यावर घासलं तर कापड काळं. म्हणाले लॅकर संपलंय इथं, हा तुझा बेस कलर निघतोय. लॅकर म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, केसाइतकाही जाड नसतो. थिनर भिजवून ठेवला की तो फुगून मऊ पडतो आणि त्यावर स्क्रबर मारला की खरवडूनच निघतो. ओल्या फरशीवरचे ओरखडे दिसत नाहीत तसं ओलं किंवा तेलकट असेपर्यंत काहीच कळत नाही, ते फवारलेलं सिलिकॉनचं पॉलिशही तेच करत होतं. पाण्याचे थेंब तर साध्या वॅक्सवरसुद्धा घरंगळतात, त्याने काही सिद्ध होत नाही. खरं सिरॅमिक अर्ध्या तासात होतच नाही, आधी पॉलिश, मग अल्कोहोलने पुसणं, मग थोडं थोडं लावणं आणि निदान एक दिवस पाण्यापासून लांब. साइड पॅनल तर प्लास्टिकचं, तिथं थिनरने पृष्ठभागच वितळून बारीक चिरा पडल्यात.

आणि वाईट याचं वाटतं की हे काम घरी होण्यासारखं आहे. इंजिन गार असताना हेअर ड्रायरने गोंद कोमट करायचा, हाताला सोसेल इतकाच, मग जुनं एटीएम कार्ड आडवं धरून हळूहळू सरकवायचं. उरलेल्यावर खोबरेल किंवा निलगिरी तेल लावून अर्धा तास सोडायचं, मग अंगठ्याने चोळलं की गोंदाच्या वळ्या होऊन निघतात. न निघालेल्या ठिकाणी परत तेल, घाई नाही. शेवटी शाम्पूने धुवायचं आणि राहिलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, तेही आधी सीटखाली टाकीच्या लपलेल्या भागावर ट्राय करून, कारण टाकी बाहेर पुन्हा रंगवलेली असेल तर तो रंग कमी चिवट असू शकतो. पेट्रोल अजिबात नको, भडका उडायची भीती. मॅट रंग असेल तर कंपाउंड आणि पॉलिशपासून लांबच राहा, चमकणारे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

दुकानात द्यायचीच असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, काय वापरणार ते बिलावर लिहून घ्या, आणि टाकी कोरडी पुसून उन्हात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लिहून द्यायला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मी परत गेलो तेव्हा बिल कुठंय म्हणून त्याने हात वर केले. पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि गाडी घेतानाचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यावर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार टाकली आहे. पेंटरकाका पूर्ण टाकी करून द्यायला तयार आहेत पण सध्या देत नाहीये, तक्रारीचं काही होईपर्यंत पुरावा म्हणून ती तशीच लागणार.