नागावचा बंगला मॅनेजरकडे दिला, त्याचा अनुभव

आम्ही राहतो ठाण्यात आणि बंगला अलिबागजवळ नागावला, तीन बेडरूम, मागे नारळ-सुपारीची वाडी. वीकेंडला भाड्याने देतो. आधी फोनवरून चालवत होतो, मग अलिबागमधलीच एक छोटी मॅनेजमेंट टीम लावली. आता सीझन आणि पावसाळा दोन्ही बघून झालेत म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माणूस जागेवर आहे. शनिवारी रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर उचलेना, घरात लहान मुलं असलेली फॅमिली, तर यांचा मुलगा बाइकवरून लगेच आला आणि लाइट येईपर्यंत तिथेच थांबला. मुंबईत बसून कॉल सेंटरवर तिकीट उघडणाऱ्या कंपन्या पण भेटलेल्या, कमिशन जवळपास तेवढंच, पण रात्री दार कोण वाजवणार? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दहानंतर लॉनवर स्पीकर बंद म्हणजे बंद, हे पण यांचे लोक पाहुण्यांना चेक-इनलाच सांगतात, त्यामुळे शेजारच्यांच्या तक्रारी थांबल्या आणि आम्हाला गावात मान वर करून जाता येतं, हे मला भाड्यापेक्षा मोठं वाटतं.

दुसरं म्हणजे त्यांना इथली हवा कळते. खाऱ्या वाऱ्याने एसीचं आउटडोअर युनिट सडतं, ग्रिल गंजतात, ते पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्वतःहून सर्व्हिसिंग लावतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात तर बुकिंग साइटवरच्या लिस्टिंगमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रोरोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, गाडी कशी आणायची ते नीट लिहिलंय, आणि पावसातले रिकामे वीकेंड भरायला लागले. थंडीत सांगितलं तर वाडीत पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा वगैरे) लावून देतात, जेवणाला गावातल्याच मावशी, रिव्ह्यूत लोक बंगल्याच्या आधी त्यांच्या हाताच्या माशांबद्दल लिहितात. चादरी-टॉवेल एकदम स्वच्छ, तक्रार नाही.

आता जे आवडलं नाही ते. रिपेअरची बिलं. गीझरचं एलिमेंट बदललं म्हणून बिल आलं, ना फोटो ना जुना पार्ट, विचारल्यावर "साहेब पाहुणे होते, घाई होती". घाई समजू शकतो पण फोटो काढायला किती वेळ लागतो? महिन्याचा हिशोब पण दोनदा मागितल्याशिवाय येत नाही, त्याचा खरंच त्रास होतो.

कमिशन २० टक्के. पण २० टक्के कशावर ते लिहून घ्या. पाहुण्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर, की प्लॅटफॉर्मची फी आणि जीएसटी जाऊन हातात येतं त्यावर? रात्रीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के आहे, त्या टॅक्सवर पण कमिशन द्यायला लागलं तर काय उरणार. आमच्याशी हातात येणाऱ्या रकमेवर ठरलंय आणि क्लीनिंगचे पैसे त्यात धरत नाहीत.

आणि लिस्टिंग आपल्याच अकाउंटवर ठेवा, मॅनेजरला को-होस्ट करा, म्हणजे आपल्याच अकाउंटवर मदतनीस म्हणून जोडा. दुसऱ्या एका मॅनेजरने मला सांगितलेलं "आमच्या अकाउंटवर टाकू, सोपं पडेल". सोपं त्याला पडतं. पैसे त्याच्याकडे, टीडीएस त्याच्या पॅनवर, आणि उद्या वेगळे झालात तर कमावलेले सगळे रिव्ह्यू पण त्याच्याकडे राहतात. आमच्या टीमने पहिल्याच दिवशी को-होस्ट चालेल म्हटलं, तिथेच माझा विश्वास बसला. पाहुण्यांचे आयडी घेणं, परदेशी कोणी आलं तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरणं हे पण तेच बघतात, फक्त कॉपी आपल्याकडे मागून ठेवा कारण पोलीस विचारतील ते मालकाला.

एकूण ५ पैकी ४. एक स्टार हिशोबासाठी कापला. करार ११ महिन्यांचा आहे, रिन्यू करणारच, फक्त या वेळी ३,००० च्या वरचं कुठलंही काम आधी विचारून आणि बिलासोबत फोटो हवाच, एवढं लिहून घेतोय.