खोक्यावर एक चिप, आत दुसरीच

विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, तेव्हा मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. सगळं झकास चाललं, फक्त वायफाय गायब. आत ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो, आणि तो उतरवायला नेट हवं. आली का पंचाईत!

एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र) लावला की लगेच चालतो, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून लॅमिंग्टन रोडवरचा एक गाळा गाठला. "लिनक्स ना? डोळे झाकून घ्या साहेब." दुकानदाराने स्वतःच्या लॅपटॉपला डोंगल लावून व्हिडिओही चालवून दाखवला. त्या लॅपटॉपवर विंडोज होतं, हे मला दिसत होतं आणि तरी मी ९०० रुपये मोजले. एआर९२७१ हे नाव खोक्यावर छापलेलंही नव्हतं, वरून त्या नावाचा स्टिकर डकवला होता.

घरी नेट जोडलं जायचं आणि दहा मिनिटांत तुटायचं. दोन रात्री मी राउटरलाच शिव्या घातल्या. शेवटी टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली, ती जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूचा ओळख-आकडा दाखवते. एआर९२७१ असती तर '०सीएफ३:९२७१' दिसायला हवं होतं. दिसलं '०बीडीए:८१७९', म्हणजे रियलटेकची स्वस्तातली चिप, जिचे डोंगल बाजारात अडीचशे-तीनशेला मिळतात. सोबत ड्रायव्हरची सीडी होती, पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही!

परत गेलो तर, "सील फोडलंत ना, आता माल परत नाही."

एकाच मॉडेलमध्ये आवृत्तीगणिक चिप बदलते, हे खरं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती, दुसरीपासून रियलटेक आली. पण तिथे आवृत्ती लेबलवर छापलेली असते. माझ्याकडे सरळ खोटं नाव चिकटवलं होतं.

वर कळस म्हणजे डोंगल लागतच नव्हता. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकला, लॅपटॉप एकदा बंद-चालू केला आणि मूळ कार्डच चालायला लागलं.

गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या डेस्कटॉपसाठी डोंगल हवा होता, तेव्हा लॅपटॉप सोबतच नेला. पहिला दुकानदार म्हणाला, "पैसे दिल्याशिवाय खोकं उघडणार नाही." तिथून निघालो. दुसऱ्याने कुरकुरत का होईना उघडलं. लॅपटॉपला लावून 'एलएसयूएसबी'चा आकडा जुळला, मगच पाकीट काढलं.