‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’: संथ की घाईचं?

पेडण्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्याला संथपणाचं वावडं नसतं. तिथे आधी पूर्वरंगातला संकासूर येतो, मुख्य आख्यान मागाहून. म्हणून राजघराण्यातल्या सत्तासंघर्षाची ही मालिका रेंगाळते, ही तक्रार अर्धीच खरी.

पहिल्या पर्वात (२०२२, १० भाग) उलट घाई आहे. सहाव्या भागात कथा १० वर्षं पुढे जाते, राजकन्या रेनिरा आणि तिची मैत्रीण, पुढे राणी झालेली ॲलिसेंट यांचे कलाकार बदलतात. राजाचा भाऊ डेमन साकारणारा नट मात्र तोच. मैत्रीचं वैर मुरत गेलं ती वर्षंच दिसत नाहीत. पाचव्या भागानंतर थोडं थांबून वंशावळ डोळ्यांखालून घाला, नाहीतर मुलांच्या नावांत गोंधळ ठरलेला. आठव्यात पुन्हा उडी, तरी तोच सर्वांत भक्कम भाग. आजारी राजा व्हिसेरिस सिंहासनापर्यंत पाय ओढत जातो, तेव्हा दिग्दर्शन त्याला पुरता वेळ देतं. व्हिसेरिस साकारणाऱ्या पॅडी कॉन्सिडाइनचं काम थोर आहे.

दुसऱ्या पर्वात (२०२४) ८ भाग. चौथ्यातली रूक्स रेस्ट किल्ल्याची लढाई जबरदस्त. पण डेमन हॅरनहॉल किल्ल्यात होणाऱ्या भासांत भागामागून भाग अडकतो, आणि शेवटच्या भागात सैन्यं नुसती कूच करतात. ते भास निम्म्यावर आणले असते, तर एक लढाई सहज मावली असती.