दीर्घकालीन कर्नलवर चौदा महिने : एका वाक्याशी चाललेले माझे भांडण

हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण एक बिघाड आहे. लिनक्स कर्नलच्या (यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये काम करणाऱ्या, संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) ६.६ मालिकेतली एक नेहमीची उपआवृत्ती (दुरुस्त्यांचा छोटा संच) बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपचे झाकण उघडले. पडदा उजळला, पासवर्डही स्वीकारला गेला, पण वाय-फाय नव्हते. नुसती जोडणी तुटली असती तर मी लक्षही दिले नसते. इथे कार्डच यंत्राला दिसेनासे झाले होते. रीबूट केल्यावर ते परत आले आणि दुपारी झाकण मिटून पुन्हा उघडले तेव्हा पुन्हा गेले.

माझा लॅपटॉप अकरा वर्षांचा आणि दोन कोअरचा आहे, आणि जी वस्तू चालते ती टाकून द्यायची नाही हा माझा नियम असल्यामुळे त्याच्यावर मी गेले चौदा महिने दीर्घकालीन कर्नल (ज्याच्या मालिकेला वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळत राहतात ते) मूळ कोडपासून स्वतः तयार करून, म्हणजे कंपाइल करून, वापरते आहे. पहिले दहा महिने ६.६ आणि नंतर ६.१२. बाहेरून लावायचे छोटे वाय-फाय कार्ड घेऊन हा प्रश्न सुटला असता, हे मला ठाऊक आहे. पण कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट अद्ययावत होण्यापलीकडे मी काहीही न बदलता बंद पडावी आणि तिची भरपाई मी माझ्या खिशातून करावी, हे मला पटत नव्हते. कर्नलच्या विकासाचा, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सर्वांत कठोरपणे सांभाळलेला नियमच असा आहे की, वापरकर्त्याचे जे आधी चालत होते ते नव्या आवृत्तीने मोडता कामा नये. त्या नियमावर विसंबूनच मी जुने यंत्र ठेवले होते.

माझा राग मात्र त्या बिघाडापेक्षा एका वाक्यावर अधिक होता. स्थिर मालिकेची (जिच्यात मुख्यतः दुरुस्त्याच येतात तिची) उपआवृत्ती जाहीर होते, तेव्हा घोषणेत जवळजवळ प्रत्येक वेळी एकच मजकूर असतो : या मालिकेच्या सर्व वापरकर्त्यांनी अद्ययावत होणे आवश्यक आहे. साधारण आठवड्याला एक उपआवृत्ती येते, कधी तीत पन्नास बदल असतात, कधी चारशे, आणि प्रत्येक वेळी ‘सर्वांनी’ आणि ‘आवश्यक’ हे दोन शब्द तसेच्या तसे. एखाद्या उपआवृत्तीत केवळ बिल्ड (कोडपासून कर्नल तयार करणे) मोडल्याची दुरुस्ती असेल तर इतरांना गरज नाही असे सांगितले जाते, पण ते क्वचित. माझ्या यंत्रात नसलेल्या ग्राफिक्स चिपची दुरुस्ती आणि माझ्या फाइल प्रणालीतली विदा बिघडवणारी चूक यांना एकच वजन मिळत असेल, तर मी कशासाठी तासाभराचा बिल्ड करायचा आणि कशासाठी नाही, हे मला कोण सांगणार? पहिले सहा महिने मी हा प्रश्न मनात धरून निमूटपणे प्रत्येक उपआवृत्ती बसवत होते. वाय-फाय गेले त्या दिवशी मला वाटले की ‘सर्वांनी’ म्हणणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचा विचारच केलेला नाही.

त्याच रागात मी गिट बायसेक्ट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाने दोषी बदल शोधणे, करायला घेतले. चांगल्या आणि बिघडलेल्या उपआवृत्तीमध्ये सुमारे अडीचशे बदल होते, म्हणजे दर वेळी अर्धे बाजूला काढत गेल्यास आठ चाचण्यांत एक बदल हाती लागायला हवा. मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा चालवून मी माझ्या यंत्राला लागणारे मॉड्यूलच (कर्नलचे गरजेनुसार जोडले जाणारे भाग) ठेवले, तरीही पहिल्या बिल्डला पावणेदोन तास लागले. पुढचे बिल्ड कधी बारा मिनिटांत होत, तर मधल्या बदलांत एखादी सर्वत्र वापरली जाणारी हेडर फाइल असली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी रीबूट, झाकण मिटणे, थांबणे, झाकण उघडणे, कार्ड पाहणे आणि चांगले किंवा वाईट असे उत्तर देणे, हाच क्रम.

आठव्या चाचणीनंतर बायसेक्टने ज्या बदलाकडे बोट दाखवले तो ध्वनीच्या एका ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या कोडचा) होता. त्याचा वाय-फायशी काही संबंध असणे शक्य नव्हते. म्हणजे मधले माझे एखादे उत्तर चुकले होते. दोन चाचण्यांत मी घाईने अर्ध्या मिनिटातच झाकण उघडले होते, आणि नंतर ताडून पाहिल्यावर लक्षात आले की यंत्र पाच मिनिटांहून अधिक काळ झोपले तरच हा दोष दिसतो. बायसेक्टची नोंद फाइलमध्ये काढता येते, त्यातली संशयास्पद उत्तरे वगळून ती पुन्हा चालवता येते, त्यामुळे सगळे काम वाया गेले नाही. पुढच्या प्रत्येक चाचणीत मी घड्याळ लावून दहा मिनिटे थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योग्य बदल सापडला.

तो बदल वाचताना माझे मत पहिल्यांदा हलले. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) मला एक ओळ दिसत होती, ज्यात कार्डाच्या रजिस्टरमधून (त्याच्या आतल्या छोट्या स्मृतिकप्प्यातून) वाचलेली किंमत म्हणून सलग आठ एफ छापले होते. पीसीआयवरचे (संगणकाच्या आतली कार्डे जोडणाऱ्या मार्गावरचे) उपकरण उत्तरच देत नसेल तर वाचणाऱ्याच्या हाती अशीच सगळे बिट एक असलेली किंमत येते, आणि सोळा-आधारी लेखनात तीच एफची रांग दिसते. जागे होताना कार्डाला वीज मिळून ते बोलते होण्याआधीच ड्रायव्हर त्याला विचारत होता. पूर्वी तिथे थोडी प्रतीक्षा होती. ती या बदलाने काढली होती, आणि का काढली हे बदलाच्या संदेशात सविस्तर लिहिले होते : दुसऱ्या एका मॉडेलवर ती प्रतीक्षा लॉक (इतर कामांना थांबवून ठेवणारे कुलूप) धरून होत असल्यामुळे सगळे यंत्र अडकून पडत असे. त्याखाली मूळ चूक कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आणली हे सांगणारी ‘फिक्सेस’ची ओळ, वर मुख्य शाखेतल्या (नवे बदल आधी जिथे येतात तिथल्या) कमिटचा चाळीस अक्षरी क्रमांक, लिहिणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि पुढे पाठवणाऱ्याची सही. एका अनोळखी माणसाने एका अनोळखी यंत्रासाठी केलेल्या बारा ओळींच्या दुरुस्तीचा इतका पूर्ण जमाखर्च मी दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या बाबतीत पाहिलेला नाही. मी वापरत असलेल्या इतर सगळ्या प्रणाल्या अद्ययावत झाल्यावर ‘किरकोळ सुधारणा आणि दोषनिवारण’ एवढेच सांगतात.

मग चूक कुठे झाली? तक्रार करण्यापूर्वी मुख्य शाखेची ताजी आवृत्ती तपासून पाहा, असे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे, म्हणून मी तीही बिल्ड केली. तिच्यात दोष नव्हता. मुख्य शाखेत हा बदल दोनांच्या जोडीतला दुसरा होता : पहिल्याने प्रतीक्षा सामाईक कोडमध्ये नेली होती आणि दुसऱ्याने ड्रायव्हरमधली काढली होती. स्थिर मालिकेत दुसरा आला, कारण त्याच्यावर ‘फिक्सेस’ची ओळ होती, पहिल्यावर तशी ओळ नव्हती म्हणून तो मागे राहिला. आधी कोणता बदल लागतो हे स्थिर मालिकेसाठीच्या ओळीत नोंदवण्याची सोय आहे, पण इथे तशी नोंद झालेली नव्हती.

अशा सुटलेल्या जोडीदाराचे याहून कितीतरी गंभीर उदाहरण डिसेंबर २०२३ मध्ये घडले होते. ६.१.६४ मध्ये एक्सटी४ या लिनक्सवरच्या फाइल प्रणालीची एक दुरुस्ती आली, पण तिला लागणारा आयओमॅपमधला (फाइल प्रणालींच्या सामाईक कोडमधला) आधीचा बदल आला नाही, आणि थेट लेखन करणाऱ्या प्रोग्रॅमांची विदा बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियन या लिनक्स वितरणाने त्यामुळे १२.३ ही आवृत्ती थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ काढली. माझे वाय-फाय त्यापुढे काहीच नाही. पण दोन्हींचे मूळ एकच आहे : स्थिर मालिकेत येणारा बदल आधी मुख्य शाखेत असलाच पाहिजे, संदर्भासह शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा, खऱ्या दोषावरचा असावा, हे सगळे नियम पाळूनही तो ज्या शेजाऱ्यांवर अवलंबून होता ते सोबत आले का, हे कोणत्याही एका नियमाने ठरत नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन हे दोघे मुख्यतः या मालिका सांभाळतात, आणि मुख्य शाखेच्या प्रत्येक आवृत्तीत तेरा-चौदा हजार बदल येतात. उपआवृत्तीचा प्रस्ताव सहसा ४८ तास तपासणीसाठी ठेवला जातो. त्या ४८ तासांत माझ्यासारखे जुने कार्ड असलेला कोणी दहा मिनिटे लॅपटॉप झोपवून पाहत नसेल, तर दोष सापडणार कसा?

इथे त्या वाक्याविषयीचे माझे मत बदलले, निदान अर्धे. कोणता बदल माझ्यासाठी महत्त्वाचा आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. हेच कर्नल फोनमध्ये, राउटरमध्ये, महासंगणकात आणि माझ्या लॅपटॉपमध्ये चालते. कर्नल इतक्या खालच्या थरावर असते की जवळजवळ कोणताही दोष सुरक्षेचा दोष ठरू शकतो, ही त्यांची भूमिका आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून सुरक्षादोषांचे सीव्हीई (प्रत्येक दोषाची जाहीर ओळख ठरणारे) क्रमांक कर्नलचा गट स्वतःच देऊ लागल्यावर ते क्रमांक हजारांच्या घरात गेले ते याच कारणाने. ‘हे महत्त्वाचे, हे नाही’ असे त्यांनी सांगितले असते तर मी त्यावर विसंबले असते, आणि माझ्या बाबतीत ते सांगणे चुकले असते. न सांगण्यात प्रामाणिकपणा आहे, हे मला मान्य करावे लागले.

उरलेला अर्धा राग मी कामाला लावला. आता नवी उपआवृत्ती आली की एक छोटी स्क्रिप्ट त्यातल्या बदललेल्या फाइलींची यादी काढते आणि माझ्या बिल्डच्या फोल्डरमध्ये ज्या फाइलींपासून ऑब्जेक्ट (कंपाइल झालेले तुकडे) तयार झाले आहेत त्यांच्याशी ताडून पाहते. परवाच्या उपआवृत्तीत २३८ बदल होते; माझ्या यंत्रापर्यंत पोहोचणारे त्यांतले ३१ निघाले. हे ३१ संदेश मी चहा निवेपर्यंत वाचून काढते. स्मृतिव्यवस्थापन, शेड्यूलर (कोणत्या कामाला कधी प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारा भाग) किंवा फाइल प्रणालीचे नाव दिसले की त्याच रात्री बिल्ड लावते, नाहीतर आठवडाभर थांबते. हेडर फाइली या ताडणीतून निसटतात, त्या हाताने पाहाव्या लागतात. सुटलेला जोडीदार मात्र या यादीत दिसत नाही, कारण जे आलेच नाही ते यादीत असणार कसे. त्यासाठी जुने कर्नल बूटच्या यादीत ठेवणे हाच उपाय, आणि मी एकाऐवजी दोन ठेवते.

तक्रारीचे काय झाले हेही सांगायला हवे. बायसेक्टची नोंद, डीमेसेजचा उतारा आणि मुख्य शाखेत दोष नसल्याचे निरीक्षण एवढे पाठवल्यावर दीड दिवसात उत्तर आले, की जोडीतला पहिला बदल वर लावून पाहा. लावला, दहा मिनिटे झोपवले, उघडले. कार्ड जागेवर होते. त्यानंतरच्या दुसऱ्या उपआवृत्तीत तो बदल आला आणि त्याच्या संदेशात दोष कळवणारी आणि तपासणारी म्हणून माझे नाव होते. वॉरंटी संपलेल्या वस्तूसाठी ‘आता नवीन घ्या’ यापलीकडे मला आजवर कोणी काही सांगितले नव्हते. इथे कोणी लॅपटॉपचे वय विचारलेसुद्धा नाही.

६.१२ वर जाणे त्या मानाने सोपे गेले. मेक ओल्डडेफकॉन्फिग या आज्ञेने जुनी मांडणी पुढे आली, आणि वीस वर्षे बाहेर राहिलेले रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याचे) काम या आवृत्तीत मुख्य शाखेत आले असले तरी माझ्या वापरात त्याने काही फरक पडला नाही. एक सूचना मात्र आवर्जून करते : लोकलमॉडकॉन्फिग चालवताना तुमची सगळी उपकरणे जोडलेली ठेवा, कारण त्या क्षणी जे मॉड्यूल भरलेले नसेल ते वगळले जाते. मला स्कॅनर तीन महिन्यांनी लागला आणि त्यासाठी पुन्हा बिल्ड करावा लागला. दुसरे, दीर्घकालीन म्हणजे किती काळ, हे मालिका निवडण्यापूर्वी पाहून घ्या. पूर्वी सहा वर्षांपर्यंत देखभाल मिळे. २०२३ मध्ये ती दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले, आणि मुदत संपल्यावर पुढच्या मालिकेवर उडी मारायची तयारी नसेल तर स्वतः बिल्ड करण्यापेक्षा वितरणाचे (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचे) कर्नल घेतलेले बरे.

६.१२ वर आल्यावर मी एकदा मेंटेनर्स फाइल (कोणता भाग कोण सांभाळतो याची यादी) उघडून माझ्या कार्डाच्या ड्रायव्हरची नोंद शोधली. त्याच्या स्थितीपुढे ‘ऑड फिक्सेस’ लिहिले आहे, म्हणजे त्याची जबाबदारी घेतलेला माणूस आहे, पण त्याला या कामासाठी सवड फारशी नाही. त्याखालची पायरी ‘ऑर्फन’, म्हणजे बेवारस. म्हणून आता उपआवृत्ती जाहीर होण्याची वाट न पाहता ती ४८ तासांच्या तपासणीत असतानाच मी उतरवून घेते, रात्री बिल्ड लावते, सकाळी झाकण मिटून दहा मिनिटे थांबते, आणि कार्ड दिसले की तसे कळवते. आतापर्यंत असे अकरा वेळा झाले आहे, आणि अकराही वेळा कार्ड दिसले.