घरच्या बेऱ्यांसाठी व्हॅक्यूम सीलर घ्यावा का? वापरून झाल्यावरचं मत

चार स्टार. पाचवा कापलाय तो पिशव्यांमुळे, त्यावर येतेच.

व्हॅक्यूम सीलर म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड गरम पट्टीने चिकटवणारं मशीन. आधी हे कुणाच्या कामाचं आहे ते सांगते. घरच्या झाडांना फळ एकदम कधीच येत नाही. आज मूठभर स्ट्रॉबेरी, परवा वाटीभर, मधे चार दिवस काहीच नाही. एवढ्याशा फळाचा जॅम कोण करत बसणार, आणि फ्रिजमधे साठवत गेलं तर दुसरी वाटी येईपर्यंत पहिलीला बुरशी, रास्पबेरी तर त्याआधीच मान टाकते. म्हणून येईल तशी गोठवायची आणि पुरेशी जमली की एकदाच जॅम लावायचा. मधल्या काळात फळ चांगलं राहावं एवढ्यासाठीच हे मशीन, आणि तेवढं काम ते खरंच छान करतं.

साध्या झिपच्या पिशवीत हवा राहते, मग बेरीतला बर्फ हळूहळू थेट वाफ होऊन उडतो आणि पिशवीला आतून पांढरा भुसभुशीत थर धरतो, फळ मात्र कोरडं, चामट आणि फ्रीजरचा वास लागलेलं. हवा काढली की हे खूपच कमी होतं. उणे १८ अंशाला नीट सील केलेल्या बेऱ्या ८ ते १२ महिने आरामात चांगल्या राहतात.

पण ताजी बेरी पिशवीत घालून बटण दाबलंत तर सरळ लगदा होतो, कारण आतली हवा गेली की बाहेरची चारी बाजूंनी दाबते, रस वर चढतो, सीलच्या पट्टीवर येतो आणि सील धरतच नाही. त्यामुळे आधी ट्रे. बेऱ्या धुऊन, कापडावर पूर्ण कोरड्या करून, देठ काढून ट्रेवर एका थरात पसरायच्या, एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, ट्रे फ्रीजरमधे ठेवायचा, दगडासारख्या कडक झाल्या की मगच पिशवीत. देठाचा वाळका तुकडा राहिला तर पिशवीला बारीक भोक पडतं आणि सील केलेली पिशवी दुसऱ्या दिवशी सैल दिसते, मग लोक मशीनला शिव्या घालतात. ही ट्रेची गोष्ट माहितीपत्रकात पार शेवटी बारीक अक्षरात दिलीये, पहिल्या पानावर हवी होती!

मशीनचा आवाज बऱ्यापैकी आहे, रात्री घरातले झोपल्यावर लावू नका. लागोपाठ पिशव्या सील केल्या की पट्टी तापते आणि प्लास्टिक वितळून सील वेडंवाकडं येतं, म्हणून मधे थोडं थांबायचं. थांबत थांबत हवा ओढायचं वेगळं बटण आहे ते मात्र फार आवडलं, मऊ फळ दाबलं जातंय वाटलं की तिथेच थांबवून सील करता येतं. झाकणाखालची रबरी पट्टी दर वेळी पुसा, रस वाळून बसला की हवा नीट ओढली जात नाही.

आता पिशव्या. ह्यात आतून खडबडीत नक्षी असलेल्याच चालतात, गुळगुळीत घेतल्या तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवेला बाहेर यायला वाटच राहत नाही. म्हणजे मशीन एकदाच घेता पण पिशव्या कायम घेत राहता. तयार पिशव्यांपेक्षा रोल परवडतो, आणि कापताना चार बोटं जास्त लांब कापायची म्हणजे उघडून, धुऊन, वाळवून तीच पिशवी परत वापरता येते.

पिशवी भरताना मी जॅमच्या एका घाण्याचं वजन धरूनच भरते आणि वर मार्करने वजन, तारीख लिहिते. गोठल्यावर बर्फाच्या कणांनी फळाच्या पेशी फुटतात, म्हणून सुटल्यावर बेरी लिबलिबीत होते, नुसती खायला बेकार पण जॅमला उलट बरी कारण रस पटकन सुटतो. तो रस टाकून देऊ नका, रंग आणि चव त्यातच आहे! मी गोठलेलीच बेरी पातेल्यात ओतून त्यावर साखर घालते आणि तिथेच सुटू देते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, मुळातच कमी, म्हणून लिंबाचा रस हवाच, आणि पिशवीत थोड्या अर्धकच्च्या बेऱ्या मुद्दाम टाकल्या तर घट्ट व्हायला मदत होते. एकदम मोठा घाणा घालायचा मोह आवरा, फार वेळ उकळलं की पेक्टिन तुटतं आणि रंग काळपट होतो. साधारण १०५ अंशाला जॅम धरतो, उंचावरच्या गावात पाणीच कमी तापमानाला उकळतं त्यामुळे तिथे पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार-पाच अंश वर असा हिशोब धरा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधे ताटली ठेवा, तिच्यावर थेंब टाकून बोटाने ढकलला आणि सुरकुती पडली की झालं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. मशीनसोबत बरणीच्या झाकणाला लावायची नळी येते आणि खोक्यावर जॅमच्या बरण्या कपाटात मांडलेला फोटो आहे, म्हणजे हवा ओढली की बरणी बाहेर टिकते असंच कुणालाही वाटणार. तसं नाहीये. हवा काढल्याने यीस्ट आणि जंतू मरत नाहीत. बाहेर ठेवायचा जॅम उकळता असतानाच गरम, निर्जंतुक बरणीत वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडून भरायचा, झाकण लावायचं आणि बरणी पाण्यात बुडवून १० मिनिटं उकळायची, उंचावर अजून थोडी जास्त. कमी साखरेचा असेल तर तो फ्रिजमधे नाहीतर फ्रीजरमधेच ठेवा, आणि फ्रीजरमधे ठेवताना वर जास्त जागा सोडा कारण गोठताना तो फुगतो.

एकदोन कुंड्याच असतील तर घेऊ नका हे मशीन. ट्रेवर कडक केलेल्या बेऱ्या झिपच्या पिशवीत भरा, झिप टोकाशी थोडी उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, फक्त तोंड वर राहू द्या, पाणीच हवा बाहेर ढकलतं, मग झिप लावून टाका आणि पिशवी पुसून लगेच फ्रीजरमधे. दोनतीन महिन्यांसाठी तेवढं पुरतं.